चिखल्याचा जाब

भाटसुऱ्याच्या किनाऱ्यावर चैत्रात गेलात तर एक गोष्ट बघायला मिळते, आणि ती बघून हसू आलं तर दाबावं लागतं. ओल्या वाळूची पट्टी संपून कोरडी वाळू सुरू होते तिथे मर्यादवेलीची दाट रांग पसरली आहे. शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली जाड पानं आणि त्यांत उघडलेले जांभळे पेले. गावातला माणूस त्या वेलीपाशी येतो. डोक्यावर जाळं असो की हातात दुधाचा तांब्या, तो थांबतो, घसा साफ करतो आणि समोरच्या रिकाम्या वाळूला विचारतो, "येव काय गो बाये?"

मग वाट बघतो. पोस्टमनसुद्धा मोटारसायकल बंद करून विचारतो. मागच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही विचारायला लावलं होतं. त्याला उत्तर मिळालं नाही, असं सांगतात.

पाहुणे हसतात. आबा टिकम हसत नाहीत. उंडीच्या झाडाच्या सावलीत पालथ्या घातलेल्या होडीवर ते बसलेले असतात, आणि पाहुण्यांचं हसून होईपर्यंत गप्प राहायची त्यांना सवय आहे. मग ते काठीने वेलीच्या पलीकडे दाखवतात. तिथे काहीच नसतं. नीट बघितलं तर वाळूचाच एक गोळा चार पावलं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. मुठीएवढं अंग, काडीसारखे पाय, गळ्यात पुढून तुटलेला काळा कंठा. हा चिखल्या.

"ह्या पाखराक इचारल्याशिवाय ह्या गावात रापण पडत नाय," आबा सांगतात. ज्याला घाई नसते तो खाली बसतो.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. किती जुनी ते आबांना विचारू नये. किनाऱ्यावर सुरूची झाडं नव्हती तेव्हाची, एवढंच ते सांगतात.

त्या काळी गावाचा तांडेल होता धाकू. तांडेल म्हणजे रापणीचा पुढारी, आणि रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडत येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून सारा गाव ते वाळूवर खेचतो. त्यासाठी आवाज लागतो, आणि आवाज धाकूकडे होता. त्याने आपल्या अंगणातल्या कुत्र्याला हाड म्हटलं की शेजारच्या वाडीतली कुत्रीही उठून जात. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मानही त्यामुळेच त्याच्याकडे होता. देव वेळोबा, किनाऱ्याचा राखणदार, वयस्कर देव. त्याला कमी ऐकू येतं अशी गावाची समजूत होती.

धाकूच्या घरात सगुणा सून म्हणून आली. ती खाडीच्या वरच्या अंगाची, जिथे पाणी गोडं होतं आणि भरतीची नुसती बातमी येते. तिचा बाप तिथे तर चालवायचा, माणसं होडीतून या काठाची त्या काठाला न्यायचा. तरीवरचा एक कायदा होता. पलीकडच्या काठावरून माणसाने हाक द्यायची, बापाने जाब, म्हणजे हाकेला उत्तर, द्यायचा, आणि जाब आला तरच माणसाने होडीत पाय टाकायचा. बिनजाबाचा पाय टाकणारे गुडघाभर चिखलात जात, आणि बाप त्यांना लगेच बाहेर काढत नसे.

सगुणा मुळातच कमी बोलायची. त्यात नवी सून. सासऱ्यासमोर बोलायचं नाही, दिरासमोर हळू बोलायचं, नवऱ्याशी बोललं तर ते कुणाला ऐकू जायचं नाही. धाकूच्या घरात एकाच वेळी सहा माणसं बोलत असत, त्यामुळे सातवं बोलत नाही हे कळायला त्यांना बारा दिवस लागले.

"काय गो, वाचा आसा मां तुका?" सासू काशीने तेराव्या दिवशी विचारलं.

सगुणाने मान डोलावली. काशीचं तेवढ्याने भागलं. ती पुन्हा बोलू लागली.

उजाडता उजाडता चुलीसाठी काटक्याकुटक्या गोळा करून आणणं, हे सगुणाचं पहिलं काम. किनाऱ्यावर रावणाच्या मिशा नावाचं काटेरी गवत उगवतं. त्याची वाळलेली बोंडं वाऱ्यावर सुटली की वाळूवरून टुणटुण उड्या मारत जातात, आणि चुलीत घातली की फुर्रकन पेटतात. ती धरायला पळावं लागतं. सगुणाला पळायला आवडायचं, आणि त्या वेळी तिला पळताना बघायला किनाऱ्यावर कोणी नसायचं. दूर पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांची सभा भरलेली असे. सगळी तोंडं एकाच दिशेला, वारा येई तिकडे. केवड्याच्या बनातून खंड्या एकदा ओरडून गप्प होई. घरापेक्षा इथे बोलणं कमी आणि कामाचं होतं.

चैत्राच्या सुरुवातीला एका सकाळी वेलीच्या वर तिला एक पाखरू दिसलं. त्याचा एक पंख लोंबत होता. ते फरफटत, कलंडत, केविलवाणं ओरडत तिच्यापासून लांब चाललं होतं. माहेरी सगुणाने बगळ्याचा पाय बांधून बरा केला होता. ती हळूहळू मागे गेली. पाखरू पुढे. पन्नास पावलांवर ती पदर टाकून त्याला धरणार, तेवढ्यात पाखराने दोन्ही पंख व्यवस्थित उघडले आणि ते उडून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती पानात हळद घेऊन गेली. तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी हळद आणि चिंधी. पाखरू त्या दिवशी जरा जास्तच लंगडलं, आणि जरा जास्तच चांगलं उडालं. सगुणा हातावर हळद घेऊन वाळूत उभी राहिली. आपल्याला कोणीतरी फसवतंय, आणि ते मन लावून फसवतंय, एवढं तिला कळलं.

"हळद खंय जाता ह्या घरातली?" काशीने त्या दुपारी डबा उपडा करून विचारलं. सगुणा वाटण वाटत राहिली.

गावाला विचारलं असतं तर गावाने सांगितलं असतं की चिखल्ये जन्मतःच लंगडे असतात, वारा लागला की बरे होतात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच समजत आले होते म्हणे. सगुणाला गावाला विचारायची सोय नव्हती, म्हणून चौथ्या दिवशी ती पाखराच्या मागे गेलीच नाही. वेलीत बसून राहिली. पाखराने बराच वेळ सोंग केलं, बघायला कोणी येत नाही असं पाहिल्यावर पंख आवरला, आणि इकडेतिकडे करत तिच्यापासून सहा हातांवर वाळूत येऊन बसलं. तिथे एक उथळ खळगा होता. खळग्यात तीन अंडी. वाळूच्या रंगाची, वर काळे शिंतोडे, शिंपल्याच्या चुऱ्यात अशी मिसळून गेलेली की सगुणाने एकदा डोळा मिटला असता तर पुन्हा सापडली नसती. आजवर आपण कुठे कुठे पाय टाकला ते आठवून तिने पाय जवळ ओढून घेतले.

ती घरी आली. पण आता किनारा तिला वेगळा दिसू लागला. वेलीच्या वर उत्तरेकडे आणखी दोन खळगे तिने हेरले. तिघी शेजारणी झाल्यासारख्या झाल्या. ती लांबूनच बघायची, त्या लांबूनच सोंग करायच्या. दोन्ही बाजूंना ठाऊक होतं की हे खरं नाही, पण रीत म्हणून करायचं.

मग चैत्र पौर्णिमेच्या आधी रापण पडली. रापण ओढणारी माणसं पाण्याकडे तोंड करून, कंबरेला दोर अडकवून, टाचा रोवत उलटी चालतात. मागे काय आहे ते कोणी बघत नाही, मागे फक्त जायचं असतं. चाळीस माणसं उलटी चालत वेलीवरून वर गेली. धाकू ओरडत होता, कुरव डोक्यावर कालवा करत होते. संध्याकाळी सगुणा बोंडं गोळा करायच्या निमित्ताने गेली. उत्तरेकडच्या दोन्ही खळग्यांच्या जागी टाचांचे खड्डे होते, आणि दोराला पिवळं काहीतरी लागून वाळलं होतं. दोन्ही जागी पाखरं येऊन बसायची, उठायची, पुन्हा बसायची. लंगडायचं त्यांनी सोडून दिलं होतं. लंगडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिला खळगा तेवढा राहिला होता. आणि मोसमातली शेवटची, सर्वात मोठी रापण आठ दिवसांवर होती. ती नेमकी त्याच जागेवर पडायची, कारण आजोबा-पणजोबांच्या काळापासून ती तिथेच पडत आली होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर नवरा जानू घागर उचलून द्यायला आला तेव्हा सगुणाने लग्नानंतरचं आपलं सर्वात लांब बोलणं केलं. जानू भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. दोराच्या पिवळ्याचं ऐकून त्याने कंबरेकडे हातही नेला.

"खरां आसा," तो म्हणाला. "पण बाबांक सांगतलो कोण? पाखराच्या अंड्यांपायी रापण थांबवली तर माका गाव हसात." मग जरा थांबून म्हणाला, "तू सांगलंस तर..." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने घागर उचलली.

शेवटच्या रापणीच्या दोन दिवस आधी वेळोबाला गाऱ्हाणं असे. इथे घरातलं एक गुपित सांगायला हवं. धाकूचा आवाज दांडगा होता, पण स्मरणशक्ती तेवढी नव्हती. दर गाऱ्हाण्याला काशी नारळाचं तबक घेऊन त्याच्या पाठीशी उभी राही. तो अडला की पुढचा शब्द कुजबुजे, आणि तो ते गर्जून सांगे. असं तीस वर्षं चाललं होतं. धाकूलाही ते ठाऊक नव्हतं, असं धाकूचं म्हणणं.

त्या वर्षी शेजारणीशी फणसावरून दोन दिवस भांडून काशीचा घसा बसला. गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. तिने सगुणाला परसात नेलं आणि खुणांनी, हवेने आणि दोन चापट्यांनी सबंध गाऱ्हाणं तिच्याकडून पाठ करून घेतलं.

"तेंचां अडलां की पुढचो शब्द सोड," ती फुसफुसली. "मोठ्यान नको. कालवणात मीठ सोडतत तसो."

सगुणाने मान डोलावली.

गाऱ्हाण्याला सारा गाव जमला. पुरुष पुढे, बाया मागे, आणि धाकूच्या पाठीशी तबक धरून खालमानेने नवी सून. धाकूने हात जोडले. "बा देवा वेळोबा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"दर्यात गेलेलो माणूस सुखान घराक येवंदे..."

"व्हय म्हाराजा."

हे व्हय म्हाराजा म्हणायला डोकं लागत नाही. तांडेलाचा आवाज खाली आला की म्हणायचं. कोणी हात जोडून उद्याच्या जाळ्याचा विचार करत होता, कोणी तबकातल्या नारळांवर डोळा ठेवून होता. धाकू तीनदा अडला आणि तीनदा मागून शब्द आला. चौथ्यांदा तो "आणि बा देवा म्हाराजा..." म्हणून थांबला. पुढे काही येईना. खरं तर पुढे काही नव्हतंच. गाऱ्हाणं संपलं होतं आणि तेही तो विसरला होता.

सगुणाच्या तबकात नारळ नारळावर आपटला. तिने विचार केला असं कोणी म्हणत नाही. बापाच्या तरीवरचा कायदा तिच्या तोंडी आला, एवढंच. तिने मीठ सोडलं.

धाकू गर्जला, "आणि वेलीवरच्या चिखल्यांची पिल्लां उडापर्यंत, हाक मारून जाब घेतल्याशिवाय, ह्या गावचो एकय माणूस वेलीच्या वर पाय टाकूचो नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

नारळ फुटले, खोबरं वाटलं गेलं. अर्धी माणसं देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर एक म्हातारा खोबरं चावायचा थांबला.

"तांडेलानू," त्याने विचारलं, "तां चिखल्याचां काय होतां ओ?"

तेव्हा कुठे सगळ्यांनी आपण काय म्हणालो ते आठवून पाहिलं. ज्याने त्याने शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजाऱ्याने तेच सांगितलं. शब्द देवाला गेला होता, तोही सगळ्या गावाचा, एका तोंडाने. घेतलेला नारळ परत देता येतो, दिलेला शब्द परत मागायची वेळ भाटसुऱ्यावर कधी आली नव्हती. माणसं धाकूकडे वळली. धाकू तांबडालाल झाला. आपल्याला गाऱ्हाणं येत नाही, बायको सांगते, हे कबूल करणं किंवा आपणच बोललो म्हणणं, असे दोनच रस्ते होते. त्याने तिसरा काढला.

"मी खंय बोललंय?" तो म्हणाला. "देवान बोलवून घेतल्यान."

काशी मागे उभी होती. ती काही बोलली नाही, तिला बोलता येतच नव्हतं. तिने सुनेकडे नुसतं पाहिलं. सगुणाला वाटलं, घसा बसलेला नसता तर बरं झालं असतं.

देवाने बोलवून घेतलं असेल तर देवच मोकळं करील, असं ठरलं. कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. पाकळ्या तांडेलाच्या घरून जात, आणि सकाळची फुलं आणायचं काम आता सगुणाकडे होतं. तिने मर्यादवेलीची आणली. त्या फुलाची पाकळी म्हणजे ओल्या मलमलीचा तुकडा. पांडू गुरवाने ती पाषाणाला लावली, गावाने प्रश्न घातला, आणि पाकळ्या जिथल्या तिथे बसून राहिल्या. दुपारी ऊन तापलं तशा त्या सुकून आणखीच घट्ट चिकटल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गुरवाने लांबून फुंकर घालून पाहिली, असंही सांगतात.

"देव गप आसा," गुरव शेवटी म्हणाला. "तांडेलाच्या सुनेवर गेलोहा."

सगुणाला ते फूल कसं चिकटतं हे ठाऊक होतं का? आबा म्हणतात, कोवळी पोर ती, तिला काय ठाऊक असणार. गोष्ट इथवर आली की मागून आबांची बायको म्हणते, सगळां ठावक होतां.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रगरुड पाण्यावर घिरट्या घालू लागला. त्याच्या खाली कुरव तुटून पडत होते, आणि त्यांच्या खाली पाणी दूरवर काळं पडलं होतं. बांगड्यांचा थवा. असा थवा वर्षातून एकदा किनाऱ्याला लागतो. तो लागला तर पावसाळ्यातले चार महिने शिंक्यात सुकट असते, आणि नाही लागला तर नुसती पेज. सारा गाव टोपल्या घेऊन धावला आणि ओल्या वाळूवर, वेलीच्या अलीकडे येऊन थांबला. वर पाय टाकायचा नाही. वर पाय टाकल्याशिवाय रापण ओढता येत नाही. होडीत जाळं तयार, दोर तयार, कंबरा तयार, आणि टाचा ठेवायला जागा नाही.

कोणी काही बोलेना. भाटसुऱ्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. थवा दक्षिणेकडे सरकत होता.

सगुणा बायांच्या घोळक्यात मागे होती. समोर कडेवरची पोरं होती, रिकाम्या टोपल्या होत्या. तीन अंड्यांसाठी आपण एवढ्या तोंडांचा पावसाळा देवाला वाहून टाकला, हे तिला आता पहिल्यांदा नीट मोजता आलं. सासऱ्याचे पाय धरून सगळं कबूल करावं, शब्द माझा होता, गावाचा नव्हता, म्हणावं, म्हणजे माणसं तरी मोकळी होतील. मग ती पुढे जातील. उलटी, टाचा रोवत. तिला खळग्याची जागा इथूनही बोटाने दाखवता आली असती.

कोपऱ्याला कोणीतरी चिमटा काढला. काशी होती. घसा निम्मा सुटला होता.

"मीठ तू घातलंस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता कालवण तूच निस्तर. शब्द काय होतो? पाय टाकूचोच नाय, असो नव्हतो. हाक मारून जाव, असो होतो." आणि तिने सुनेला पाठीत हात घालून पुढे ढकललं.

सगुणा पुरुषांच्या मधून चालत वेलीपाशी गेली. लोक बाजूला झाले, काहींना ही कोण तेही पटकन आठवलं नाही. तिने पदर सावरला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडापाशी धरली, आणि खाडीच्या पलीकडच्या काठाला पोचते तशी लांबट हाक दिली.

"येव काय गो, बाये..."

धाकूच्या घरातल्या सहा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. हा आवाज आपल्या घरात राहतो, हे त्यांना माहीत नव्हतं. वेळोबालासुद्धा ऐकू गेलं असणार. कुरव एकदम उठले.

आणि वाळूतून पाखरू निघालं. एवढी माणसं बघून त्याने जीव तोडून सोंग केलं. एक पंख टाकला, मग दुसराही टाकला, कलंडलं, ओरडलं, आणि वेलीच्या कडेकडेने दक्षिणेला फरफटत निघालं.

"जाब दिता ती," सगुणा म्हणाली. सासऱ्यासमोर बोलू नये हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. "हय नको म्हणता. थंय चला म्हणता."

धाकूने पाखराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, सरकणाऱ्या थव्याकडे पाहिलं. मग तो पाखराच्या मागे चालू लागला. त्याच्या मागे चाळीस माणसं दोर खांद्यावर घेऊन, त्यांच्या मागे बाया टोपल्या घेऊन, आणि पाण्यातून होडी. एवढा मोठा गाव मुठीएवढ्या लंगड्या पाखरामागे हलक्या पावलांनी चालला होता. पाखरू थांबलं की सगळे थांबत. पुढे गेलेल्या एकाला धाकूने मागे ओढलं, "तेका म्होरं जावंदे."

दोनशे पावलांवर पावसाळी व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, कोरडं तोंड होतं. तिथे दर पावसात वाळू वाहून जाते, म्हणून वेल नाही. वरपर्यंत मोकळी, उघडी वाळू. तिथे पाण्याखाली दगड आहेत, जाळं फाटतं, असं सगळे म्हणत, म्हणून रापण तिथे कधी पडली नव्हती. दगड आहेत का ते बघायलाही कोणी गेलं नव्हतं. पाखरू त्या जागेपर्यंत आलं, दोन्ही पंख झाडले, आणि भुर्रकन उडून खळग्याकडे परतलं.

धाकूने कंबरेवर हात ठेवले. "जाब इलो," तो म्हणाला. "होडी काढा."

थवा तिथेच येऊन लागला होता. दगड नव्हते. त्या दिवशी रापण इतकी जड आली की बायांनीही दोर धरले, आणि माणसं उलटी चालत व्हाळाच्या कोरड्या पात्रातून थेट माडांच्या बागेत पोचली. टोपल्या भरल्या, मग लुगडी भरली. मासे उपसता उपसता धाकू सगळ्यांना सांगत होता की ह्या जागेबद्दल आपल्याला पहिल्यापासून वाटत होतं. कोणी त्याला अडवलं नाही. चार महिन्यांची सुकट हातात असताना माणसाला एवढं म्हणू द्यावं.

सगुणा संध्याकाळी बोंडं गोळा करायला गेली, तेव्हा तिन्ही अंडी जागच्या जागी होती. चारच दिवसांत खळग्यात तीन कापसाचे गोळे उभे होते, आणि जन्मल्याच्या दुपारी ते आईमागे पळूही लागले, असं सांगतात.

गाऱ्हाण्यातलं ते वाक्य कुणी सोडलं, ते धाकूने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाकीची तीस वर्षंही विचारावी लागली असती. मात्र पुढच्या वर्षी काशीचा घसा ठणठणीत असूनही तबक सुनेच्या हातात होतं. धाकू त्या वर्षी एकदाही अडला नाही. "दर्यात गेलेलो माणूस" पासून शेवटपर्यंत घडाघडा बोलला. आणि सगळं संपल्यावर, पुढे काही नाही हे पक्कं ठाऊक असताना, तो म्हणाला, "आणि बा देवा म्हाराजा..." आणि मान किंचित मागे कलती करून उभा राहिला.

आजही भाटसुऱ्यात चैत्रातल्या गाऱ्हाण्याला तबक गावातली सर्वात नवी सून धरते. शेवटी तांडेल थांबतो, आणि तिला एक वाक्य मिळतं. ती कुजबुजते, तो गर्जून सांगतो. मात्र गाव आता लगेच व्हय म्हाराजा म्हणत नाही. आधी ऐकतो, मग विचार करतो, आणि मगच म्हणतो. त्या शांततेत उदबत्तीची राख पडलेली ऐकू येते, असं आबा सांगतात.

गेल्या वर्षीची सून कोल्हापूरकडची होती. तिला मालवणी नीट येत नव्हती, पण तिने ते वाक्य आठ दिवस घोकलं होतं. "इसवणाची मधली तुकडी," तांडेल गर्जला, आणि त्याचा आवाज मध्येच जरा खाली आला, कारण इसवण म्हणजे सुरमई, आणि तिची मधली तुकडी त्याच्याही घरात त्याच्याच पानात पडते, "बुधवारच्या बुधवार घरातल्या सुनेच्या पानात पडांदे, म्हाराजा."

शांतता इतकी लांबली की गुरवाने उदबत्ती बदलली. पुरुषांनी जमिनीकडे पाहिलं. सासवांनी आपापल्या मुलांकडे पाहिलं. मग मागच्या रांगेतून एका वयस्कर बाईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." ती कोण ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. पण एकीने म्हटल्यावर दुसरीला गप्प राहता येईना, आणि मग सगळा गाव म्हणाला.

भाटसुऱ्याला यायचं असेल तर शक्यतो बुधवारी येऊ नका. आलात तर शेपटाकडची तुकडी मिळेल, आणि ती गोड मानून घ्यावी लागेल. शब्द देवाकडे गेलेला आहे.